रस्त्याची आपली बाजू

ओडेसा, टेक्सस
१८ एप्रिल १९८२

प्रिय मावशी,

तुझं ईस्टरचं पार्सल पोचलं, पण सॉसेज वाटेतच दगावलं होतं. डबा उघडला आणि ट्रेलरमधले चौघेही बाहेर पळाले. आमच्यात आर्कान्सासचा एक आहे, तो लांबूनच ओरडला, "कुबियाक, तुझ्या घरच्यांनी कोणाला पुरायला पाठवलंय का इकडे?" बीटाची चटणी मात्र ठणठणीत होती. ती मी पावाला लावून एकट्याने संपवली.

इथलं काम म्हणजे तेलाच्या विहिरीत पाईप सोडायचे आणि विहिरीतून पाईप काढायचे. मग झोपायचं. मग पुन्हा पाईप. दाढांखाली सतत वाळू. कधी वाटतं कॅलिफोर्नियाला जावं, कधी वाटतं अलास्काला. एका जागी फार राहिलो की माझ्या पायांना मुंग्या येतात, शाळासुद्धा त्यातच सुटली, तुला काय सांगायचं. पण ईस्टरनंतरच्या डिंगसच्या सोमवारी कुठेच जावंसं वाटलं नाही. पडून होतो नुसता. तिकडे आपल्या पोलिश हॉलमध्ये अकॉर्डियन चालू असेल, पोरं पोरींवर पाणी उडवत असतील, पोरी विलोच्या फांद्यांनी त्यांच्या पिंढऱ्या झोडपत असतील आणि पुढारी मंडळी भिजलेल्या सदऱ्यांनी सगळ्यांशी हात मिळवत फिरत असतील. आपल्याकडे डिंगसला तोंड न दाखवता कोणी निवडून आलाय का कधी?

एक विचारतो. बफेलोत काही काम निघालंय का? पोलाद कारखान्याचं विचारत नाही, तो संपल्यात जमा आहे हे मलाही कळतं. दुसरं काही. मी परत येतोय असं नाही. नुसतं विचारतोय.

तुझा टॅड


बफेलो
२ मे १९८२

प्रिय टॅड,

"नुसतं विचारतोय" म्हणे. तुझी आई भूक लागली की "नुसतं बघतेय" म्हणत भांड्यांवरची झाकणं उचलायची. माझी धाकटी बहीण होती ती, आणि ती गेल्यावर तुला मी वाढवलाय. मला शिकवू नकोस.

काम निघालंय. नीट वाच.

खासदार ग्रॅबोव्स्की साहेब डिंगसला हॉलमध्ये आले होते. फार उतरलेत रे. कोट दुसऱ्या कोणाचा घातल्यासारखा वाटतो. मी विलोची फांदी घेऊन त्यांना कोपऱ्यात गाठलं. एक मारली पिंढरीवर आणि म्हटलं, "साहेब, ही तीस वर्षांच्या दोस्तीची." ते म्हणाले, "रोझालिया, हळू गं, मतं मागायला चालावं लागतं मला." दुसरी मारली आणि म्हटलं, "ही माझ्या टॅडची. पोरगं वाळवंटात पाईप उपसतंय. त्याला पोस्टात लावा." सगळा हॉल ऐकत होता. साहेबांनी तोंड पुसलं, हसले, म्हणाले, "निवडून आलो तर जानेवारीत तुझा टॅड पोस्टात." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तू म्हणशील, तोंडी शब्दाचं काय खरं. अरे, हा मतदारसंघ उभाच तोंडी शब्दावर आहे. तुझे आजोबा पोलंडहून इथे आले तेव्हा डोनेगन नावाचा आयरिश खासदार होता. त्याला आपल्यातल्या एकाचंही नाव उच्चारता येत नव्हतं, तो सगळ्यांना जॉन म्हणायचा. पण आजोबांनी आपल्या चर्चमधली मतं त्याच्यामागे नेली आणि त्याने त्यांना रस्ते झाडायच्या खात्यात लावलं. जॉन तर जॉन. मग आपली माणसं वाढली आणि बावन्न साली आपलाच माणूस उभा राहिला. ग्रॅबोव्स्की निवडून आले त्या रात्री फादरनी घंटा वाजवल्या, बिशप रागावला तरी वाजवल्या. आमच्या ह्यांना, तुझ्या काकांना, धान्याच्या कोठारांवर जागा कोणी दिली? साहेबांनी. मी पक्षाचं काम करायला लागले ती तेव्हापासून.

पुढे हमरस्ता आला आणि वस्तीच्या पोटातून गेला. ज्यांना झेपलं ते उपनगरात गेले. त्यांच्या घरांत काळी माणसं राहायला आली. आणि दर दहा वर्षांनी शिरगणती झाली की वरचे लोक नकाशा पसरून बसतात. एकदा आपल्या मतदारसंघाची रेष नदीपर्यंत नेली, एकदा मागे ओढली. आता तर शहरातली माणसं इतकी घटली की दोन मतदारसंघ ठोकून एक करणार म्हणतात. म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठी आपल्या साहेबांसमोर दक्षिणेकडचा खासदार गेरिटी. पुन्हा आयरिश! फिरून फिरून आपण डोनेगनच्याच दारात.

मागच्या निवडणुकीलाच मी ठरवलं होतं, आता बस. गुडघे बोलतात. पण तू घरी येणार असशील तर आणखी एकदा सह्यांचे कागद घेऊन फिरेन.

सॉसेजचं वाईट वाटलं. चांगलं होतं ते.

तुझी मावशी
रोझालिया


मोनाहान्स, टेक्सस
६ जून १९८२

प्रिय मावशी,

पोस्टात? मी? ती टोपी घालून? मला पत्ते वाचायला वेळ लागतो हे साहेबांना सांगितलंस का?

पण खरं सांगतो, तुझं पत्र वाचल्यापासून मी मनातल्या मनात आपल्या रस्त्यावरून पिशवी घेऊन चालतोय. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी घरीच पोचायचं. माझ्या पायांना हे काम मानवेल.

इथे बफेलोचा लू मायर म्हणून एक भेटला. त्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आमच्या खासदारांनी शब्द दिलाय. तो म्हणाला, "कोण, ग्रॅबोव्स्की? तो माणूस हो म्हणायलाच जन्मलाय. माझ्या बापाला पुलावर टोल घ्यायला बसवतो म्हणाला होता. बाप टोल भरून भरून मेला." तू रागावू नकोस, लू तसाच आहे. त्याला पोपसुद्धा आवडत नाही.

माझं म्हणणं आत्ताच सांगून ठेवतो. नोकरी असेल तर येईन. नसेल तर येणार नाही. रिकाम्या हातांनी येऊन तुझ्या जिवावर बसायचं, आणि बायकांनी मला ऐकू जाईल अशा बेताने हळू बोलायचं, ते नको. जानेवारीपर्यंत इथे काढतो. काम भरपूर आहे, काळजी करू नकोस. पत्ता बदललाय, कारण इथे जरा मोकळी जागा मिळाली.

टॅड


बफेलो
१ ऑगस्ट १९८२

प्रिय टॅड,

सह्या झाल्या. हात अजून दुखतो, म्हणून अक्षर असं.

यंदा सगळं उशिरा. नकाशे जुलैत निघाले आणि लगेच सह्यांची धावपळ. सह्या पुऱ्या पडल्या नाहीत तर उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे, माझ्या मागे मागे फिरायचास. तेव्हा कागद न्यायला हॉलच्या पायऱ्यांवर गर्दी व्हायची. आता साहेबांचा पुतण्या गाडीतून आला, गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला, कॉफीसुद्धा घेतली नाही. म्हणाला, "काकूंकडे दिलं की आम्हाला झोप लागते." झोपा म्हटलं.

लोक थकलेत रे. पूर्वी दार वाजवलं की केक पुढे यायचा. आता आतूनच विचारतात, काय पाहिजे. कोसिन्स्काबाईने दाराची साखळीच काढली नाही.

"कोणासाठी सही?"

"साहेबांसाठी."

"अजून आहेत?"

"तुझ्याइतके आहेत."

"मग वॉशिंग्टनला कशाला जातात? घरी झोपावं."

शेवटी मी म्हटलं, बाई, साहेब निवडून आले तर आमचा टॅड पोस्टात लागणार आहे. तेव्हा साखळी निघाली. "जेनीचा टॅड? मग आधी नाही का सांगायचं! आण ते पेन." पुढे मी प्रत्येक दारात तेच सांगत गेले. निम्म्या बायकांनी साहेबांसाठी सही केलीच नाही, तुझ्यासाठी केली.

एक गंमत सांगते. समोरच्या घरांत अल्मा प्रूइट राहते, काळी आहे, तीही पक्षाचं काम करते, तिच्या लोकांत. ती एके दिवशी नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्या दारात. "मिसेस नोगा, मी तुमच्याबरोबर येते. पानांवर साक्षीदार म्हणून मी सही करते. तुम्ही नुसत्या सोबत चला."

मी म्हटलं, "का? मला लिहिता येत नाही?"

"तसं नाही हो. ही रेष जरा बघा ना—"

मी म्हटलं, "अल्माबाई, तुम्ही अलाबामात कापूस वेचत होतात ना, तेव्हापासून मी या रस्त्यावर कागद फिरवतेय."

तिने नकाशा गुंडाळला. म्हणाली, "मी डेट्रॉइटची आहे." आणि गेली. आपल्या दारांवर डोळा आहे तिचा. आज सोबत येते म्हणेल, उद्या म्हणेल मिसेस नोगांना विश्रांती द्या. मी काय कालची आहे? सगळी पानं मीच फिरवली आणि साक्षीदार म्हणून प्रत्येक पानाखाली माझीच सही आहे.

तुझी "मोकळी जागा" मला पटलेली नाही. जागा मिळाली की जागा सुटली? खरं ते लिही.

मावशी


मोनाहान्स, टेक्सस
२९ ऑगस्ट १९८२

मावशी,

मधे एक पत्र टाकलं त्याचं उत्तर नाही. बरी आहेस ना?

इकडे जे कळलं त्याने माझं डोकं फिरलंय. लूच्या बहिणीने त्याला बफेलोच्या पेपरातलं कात्रण पाठवलं. साहेबांचं नाव मतपत्रिकेवरून उडालं? गेरिटीच्या वकिलाने कोर्टात दाखवून दिलं म्हणे, की ढीगभर सह्या ज्या बाईने गोळा केल्या ती मतदारसंघात राहतच नाही. साहेबांच्या माणसांनी बाकी सह्या जेमतेम गरजेपुरत्या आणल्या होत्या. बाईच्या गेल्या आणि सगळंच बसलं. पेपरात तिचं नाव नाही, "पक्षाच्या एक वयस्कर कार्यकर्त्या" एवढंच. लू पोट धरून हसत होता. "तुमच्या साहेबाला गेरिटीने नाही पाडलं, एका म्हातारीने पाडलं!"

कोण गं ही भवानी? उपनगरात राहायला गेलेली कोणीतरी असणार, तिथला मोह सुटत नसेल. ती बेकरीवाल्यांची लठ्ठ सून का? स्वतः कुठे राहतो हे ज्या माणसाला माहीत नाही त्याच्या हातात कागद दिले कोणी? तू काही बोलली नाहीस का तिला? माझ्याकडून तिला सांग, तुझ्यामुळे एका माणसाची घरी यायची वाट बंद झाली. खरंच सांग. मला फार दिवसांत एवढा राग आला नव्हता. इथे राग यायलाही ताकद लागते.

आता जानेवारीचं काय? साहेब दुसरं काही करू शकतात का? विचार त्यांना.

टॅड


बफेलो
१२ सप्टेंबर १९८२

प्रिय टॅड,

ती भवानी मी.

तुझी दोन्ही पत्रं इथे टेबलावर आहेत. रोज वाटायचं, आज लिहीन.

नवी रेष आपल्या रस्त्याच्या मधोमध गेली आहे. समोरची घरं आत. चर्चच्या बाजूची, म्हणजे आपली, बाहेर. आपल्या बाजूच्या सह्या तर गेल्याच, पण साक्षीदारही त्याच मतदारसंघात राहणारा लागतो, म्हणून समोरच्याही गेल्या. हा नियम मी कितीतरी नव्या पोरांना पाठ करून दिलाय. पण लग्न होऊन या घरात आले ती मी कुठे हललेच नाही रे. मला कधी वाटलंच नाही की न हलता माणूस बाहेर जाऊ शकतो. माझ्या डोक्यात आपलं चर्च म्हणजेच मतदारसंघ. नकाशा मी उघडलासुद्धा नाही. नकाशे नव्या माणसांनी बघायचे, असं आपलं मी समजत होते.

अल्मा तेच सांगायला आली होती.

कोर्टात गेरिटीचा वकील होता तो तरुण होता, चांगल्या घरचा. त्याने विचारलं, "मिसेस नोगा, आपलं घर रस्त्याच्या कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, "चर्चच्या."

"पूर्वेला की पश्चिमेला?"

मी म्हटलं, "बाळा, सकाळी स्वयंपाकघरात ऊन येतं त्या बाजूला."

लोक हसले, न्यायाधीशही हसले. मलाही बरं वाटलं, म्हटलं चला, जिंकतोय आपण. मग त्याने नकाशा फळीवर लावला आणि हसणं थांबलं.

साहेब दोन दिवसांनी घरी आले. एकटेच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात बसले. मी म्हटलं, "शिव्या घाला." ते म्हणाले, "छे गं. खरं सांगू का, आता झोप लागते. मी फार थकलो होतो." मी म्हटलं, "तुम्ही झोपा, पण माझ्या टॅडचं काय? खासदारकी जानेवारीपर्यंत आहे ना? जाता जाता तेवढं करा."

ते बशी फिरवत बसले. मग म्हणाले, "रोझालिया, पोस्टातल्या जागा परीक्षेने भरतात. दहा वर्षांहून जास्त झाली. माझ्या हातात त्यातलं काही नव्हतं."

"निवडून आला असता तरी?"

"तरी."

"मग हो का म्हणालात?"

"तू सगळ्या हॉलसमोर विचारलंस. डिंगसला नाही कोण म्हणतं?"

मी त्यांना आणखी कॉफी ओतली. मी तरी काय करणार होते?

टॅड, चूक झाली त्याची लाज आहेच. पण मी खरी खचले ती यानंतर. माझ्या चुकीने तुझं काही बिघडलंच नाही, कारण बिघडायला तिथे काही नव्हतंच. आणि एवढ्या दारांत मी तुझं नाव घेतलं. काकांची नोकरी, आजोबांची नोकरी, त्या तरी खऱ्या होत्या ना? मला आता रात्री तेही मोजून बघावंसं वाटतं.

काल मी रस्ता ओलांडून अल्माकडे गेले. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "डेट्रॉइटची." ती म्हणाली, "हो. आत या, पाय पुसून या." बसले बराच वेळ. तिला दोन्ही बाजूंच्या लोकांची मतदार म्हणून नोंदणी करायची आहे. म्हणते, नावं कमी झाली तर पुढच्या शिरगणतीला आपला रस्ता आणखी कुठे फेकतील सांगता येत नाही. "पण तुमच्या बायका माझ्याशी साखळी लावून बोलतात." मी म्हटलं, "माझ्याशीही साखळी लावूनच बोलतात." तेव्हा ती पहिल्यांदा हसली. सोमवारपासून मी तिच्याबरोबर जाणार आहे. दार मी वाजवायचं, बोलायचं तिने.

येऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण ये म्हणायला लागतं ते माझ्याजवळ होतं म्हणून म्हणत होते. आता नाही.

मावशी


सिनसिनाटी, ओहायो
२६ सप्टेंबर १९८२

प्रिय मावशी,

वरचा पत्ता बघून दचकू नकोस.

तू विचारलं होतंस, जागा मिळाली की सुटली. सुटली. मे महिन्यातच. तेलाचा भाव पडला आणि विहिरी एकेक करून बंद झाल्या, आम्हाला ट्रेलर रिकामा करायला एक दुपार दिली. मोनाहान्सला मी लूच्या गाडीत मागच्या सीटवर झोपायचो. दिवसा बाजारात कलिंगडं उतरवायची. तुला लिहिलं नाही, कारण जानेवारी येणार होता. कोणी विचारलं की म्हणायचो, माझं पोस्टात ठरलंय. तेवढ्यावर सगळा उन्हाळा काढला. म्हणजे साहेबांचा शब्द अगदीच फुकट गेला असं म्हणू नकोस.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं. मी काय काय लिहिलं होतं ते आठवलं. भवानी वगैरे. माफी मागायची तर कशी मागतात ते मला लिहिता येत नाही, समोर आलो की एक चापट मार म्हणजे झालं. लूने विचारलं, "काय, म्हातारीचं नाव कळलं का?" मी म्हटलं, "माझी मावशी." तेव्हा तो म्हणाला, "बापाला टोलवर लावतो म्हणाला होता ना, त्या वर्षी आमच्या घरातून सह्या गोळा करायला माझी आईच गेली होती." आणि त्याने दुसरीकडे तोंड केलं.

दोन दिवस मला तुझा राग होता, खोटं कशाला सांगू. मग कलिंगडं उतरवता उतरवता लक्षात आलं की आता वाट बघण्यासारखं काहीच उरलं नाही. मी टेक्ससला थांबलो होतो तो जानेवारीसाठी. जानेवारी गेला म्हटल्यावर पाय सुटले. एक ट्रक कलिंगडं घेऊन इकडे निघाला होता, त्याच्याबरोबर आलो. अलास्काचा पण ट्रक मिळाला असता. मिळवला नाही.

नोकरी नसेल तर येणार नाही असं मी छाती काढून लिहिलं होतं. ते तू धरून बसू नकोस. मी पण बसलेलो नाही. हात रिकामे आहेत, कपडे वाईट आहेत, आणि बायका बोलतील त्या बोलतील.

इथे एका खानावळीत भांडी घासतोय, पुढच्या बसपुरते जमले की निघतो. मालक ग्रीक आहे, तो विचारत होता बफेलोत काय आहे. मी म्हटलं, काही नाही. तो म्हणाला, मग? मी पुढची थाळी घासायला घेतली. तो पण फार मागे लागला नाही.

आजोबांची आणि काकांची नोकरी खरी होती. काकांच्या कोटाला गव्हाचा वास यायचा, तो मला आठवतो. ते मोजत बसू नकोस.

अल्माबाईंबरोबर जातेस ते बरं करतेस. जिने असतील तिथे तू खाली थांब, त्यांना वर जाऊ दे. आणि त्यांना सांग, नोंदणीचा एक कागद माझ्यासाठी बाजूला ठेवा. आल्या आल्या भरतो. पत्ता तुझाच. बाहेर तर बाहेर.

आपल्या बाजूला आता खासदार कोण लागतो, तेवढं त्यांना विचारून ठेव. मला माहीत नाही, आणि तुलाही नसणार.

टॅड